साडेसहा इंचाची स्क्रीन, मग अक्षरं तेवढीच का?

गेल्या अंकात मी सहज लिहिलं होतं की फोनच्या स्क्रीनबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, मला वाटलं फार तर पाच-सहा जण लिहितील, पण तुम्ही तर इनबॉक्सच भरून टाकलात. सगळ्यांना पुरी पडणार नाही मी, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि काही पत्रं जरा छाटलीत, राग मानू नका. एक गंमत दिसली, निम्म्याहून जास्त पत्रांत डब्यावरचा कुठला ना कुठला आकडा आहे. इंच, हर्ट्झ, निट्स, पिक्सेल. आणि रडगाणं सगळ्यांचं एकच, आकडा वाढला पण मला तर काही फरक वाटत नाहीये. काही पत्रं मात्र आकड्यांच्या पलीकडची निघाली, तीही घेतलीत.

प्रश्न: ताई, जुना फोन साडेपाच इंची होता, सात वर्षं वापरला. आता मुलाने साडेसहा इंची घेऊन दिलाय. एक इंच म्हणजे काही थोडंथोडकं नाही ना, पण मेसेज वाचताना अक्षरं आहेत तेवढीच, कीबोर्डची बटणं पण तेवढीच, उलट वरच्या कोपऱ्यातलं काही दाबायचं म्हटलं तर अंगठा पोचत नाही. मुलाला चुकीचा फोन चिकटवला की काय? (चष्मेवाले काका)

उत्तर: काका, फोन बरोबर आहे, तुम्हाला गंडवलंय ते इंचाने. स्क्रीनचा इंच तिरका मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, शाळेत कर्ण म्हणायचो ना तोच. त्यातून स्क्रीन रुंद किती आणि उंच किती हे कळतच नाही. तुमचं पत्र वाचून मी ड्रॉवरमधून माझा जुना साडेपाच इंची काढला, आत्ताचा साडेसहा इंची त्याच्या शेजारी ठेवला आणि पट्टी घेऊन बसले. जुन्याच्या स्क्रीनची रुंदी साडेअडुसष्ट मिमी. नव्याची जेमतेम अडुसष्ट! म्हणजे अख्खा इंच वाढला आणि रुंदी केसभर कमीच झाली. उंची मात्र १२२ मिमीवरून थेट १५० वर. सगळा इंच डोक्यावर गेलाय काका, आणि म्हणूनच तुमचा अंगठा पोचत नाहीये.

हे झालं कसं तर २०१७ पर्यंत बहुतेक फोन १६:९ या मापाचे असायचे, म्हणजे लांबी १६ तर रुंदी ९, टीव्हीसारखे. त्या वर्षी एलजीचा जी६ आला १८:९ चा, सॅमसंगचा गॅलेक्सी एस८ आला १८.५:९ चा आणि वर्षाच्या शेवटाला आयफोन टेन १९.५:९ चा. सोनीने तर २०१९ मध्ये एक्सपीरिया वन २१:९ चा काढला, तो हातात धरला की टीव्हीचा रिमोट धरल्यासारखं वाटायचं. आता सर्रास २०:९ च्या आसपासचं माप चालतं. कंपन्यांची अडचण पण समजून घ्या, हात काही मोठे होत नाहीत. साडेसहा इंच जर जुन्या १६:९ मापात केले असते तर नुसती स्क्रीनच ८१ मिमी रुंद झाली असती, वर कडा वेगळ्या, कोणाच्या मुठीत मावणार ते? म्हणून रुंदी तिथल्या तिथे ठेवायची, उंची ताणायची, आणि कर्ण लांब झाला की डब्यावर मोठा आकडा छापायचा. खोटं कोणीच बोलत नाहीये पण. एरिया खरंच वाढलाय, माझ्या दोन फोनांत साधारण बावीस टक्क्यांचा फरक निघाला, फक्त तो फायदा लांबलचक चॅट आणि बातम्या वरखाली सरकवताना मिळतो. कीबोर्ड आणि अक्षरं रुंदीवर चालतात, ती तेवढीच राहिली. आणि हो, कोपरे गोल असतात ना, तर इंच मोजताना ते चौकोनी आहेत असं धरून मोजतात, कंपन्या हे तळटीपेत बारीक अक्षरात लिहितातसुद्धा.

आता तुमच्यासाठी उपाय. सेटिंगमध्ये डिस्प्लेच्या आत दोन वेगळ्या गोष्टी असतात, एक फॉन्ट साईझ आणि दुसरी डिस्प्ले साईझ, काही फोनांत दुसरीला स्क्रीन झूम म्हणतात. फॉन्ट साईझने फक्त अक्षरं वाढतात आणि मग ती बटणांच्या बाहेर सांडतात, डिस्प्ले साईझने बटणं, आयकॉन सगळंच मोठं होतं. दोन्ही एकेक पायरी वाढवा, एकच एकदम वाढवू नका. कीबोर्डची उंची वाढवायचं सेटिंग कीबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये सापडेल. आणि अंगठ्यासाठी वन हँडेड मोड चालू करा, खालच्या कडेवरून बोट खाली ओढलं की वरचं सगळं खाली येतं.

प्रश्न: मला छोटा फोन हवाय. बास. कोणी बनवत का नाही? माझा हात लहान आहे, जीन्सचा खिसा त्याहून लहान आहे. (खिसा फाटलेली)

उत्तर: बाई गं, तुझ्यासारखी अकरा पत्रं आलीत, सगळी अशीच वैतागलेली. पहिला आयफोन २००७ मध्ये साडेतीन इंची होता आणि तेव्हा तो मोठा वाटायचा, यावर आता विश्वास बसत नाही. २०११ मध्ये सॅमसंगने ५.३ इंची गॅलेक्सी नोट काढला तेव्हा लोक हसले होते, कानाला पाटी लावल्यासारखं दिसतं म्हणून. आज ५.३ इंची फोन मागितला तर दुकानदार हसेल.

बनवून बघितले गं. ॲपलने २०२० मध्ये १२ मिनी आणला, ५.४ इंची, पुढच्या वर्षी १३ मिनी, आणि १४ च्या वेळी मिनी गायब करून त्या जागी चक्क मोठा प्लस ठेवला, यातच काय ते समज. लहान फोन हवा म्हणणारे खूप असतात, पण काउंटरवर उभे राहिले की बहुतेकांचा हात मोठ्याकडेच जातो. दुसरं कारण बॅटरी. छोट्या डब्यात बॅटरी छोटी, १३ मिनीत साधारण २४०० एमएएचची होती, पण प्रोसेसर आणि मोडेम तेच मोठ्या फोनातले, त्यांची भूक काही लहान होत नाही.

आता जरा बरी बातमी. सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्या आल्यापासून तेवढ्याच जागेत जास्त चार्ज मावायला लागलाय, त्यामुळे चिनी कंपन्यांनी ६.३ इंचाच्या आसपास चांगले दणकट फोन काढायला सुरुवात केली. विवोचा एक्स२०० प्रो मिनी २०२४ मध्ये ५७०० एमएएचचा आला, २०२५ मध्ये वनप्लस १३टी आला ६.३२ इंची आणि बॅटरी ६२६० एमएएच. यांना लहान म्हणायचं का हा वादाचा मुद्दा आहे, १३टी ७२ मिमीच्या जवळपास रुंद आहे आणि १३ मिनी ६४ मिमी होता. पण सध्या नवीन काही घ्यायचं तर हाच गट. एक कर, फोन शोधताना इंचाचा फिल्टर लावूच नकोस, स्पेसिफिकेशनमध्ये बॉडीची रुंदी मिमीमध्ये लिहिलेली असते ती बघ. आत्ताचा फोन मोज, त्याच्याशी ताडून बघ. दोन-तीन मिमीसुद्धा मुठीत कळतात.

प्रश्न: नवीन फोन घेतल्यापासून रात्री अंथरुणात वाचलं की अर्ध्या तासात डोकं चढतं. जुन्या फोनवर दोन-दोन तास वाचायचो, कधी त्रास नाही. ब्राइटनेस एकदम कमी ठेवतो, डार्क मोड, ब्लू लाइट फिल्टर, सगळं करून झालं. मित्र म्हणतात मनाचे खेळ आहेत. (रातकिडा)

उत्तर: मनाचे खेळ असतीलच असं नाही. आधी सांग, जुना फोन एलसीडी होता आणि नवा अमोलेड, बरोबर? तू पत्रात लिहिलं नाहीयेस पण माझी पैज.

दोघांचा फरक असा. एलसीडीत मागे एक दिवा कायम पेटलेला असतो आणि पुढे लिक्विड क्रिस्टलचे पडदे त्याचा उजेड कमी-जास्त अडवतात. ओएलईडीत मागे दिवाच नाही, प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो, काळं दाखवायचं तर सरळ विझतो. अमोलेड म्हणजे ओएलईडीच, नावात फक्त एएम ही दोन अक्षरं पुढे. आता ब्राइटनेस कमी करायची वेळ आली की ओएलईडीची पंचाईत होते, करंट फार कमी केला तर पिक्सेल एकसारखे पेटत नाहीत, करड्या भागात डाग दिसतात, रंग हिरवट-गुलाबी होतात. म्हणून बऱ्याच कंपन्या करंट कमी न करता पिक्सेल भराभर चालू-बंद करतात. जास्त वेळ बंद ठेवला की डोळ्याला अंधुक वाटतं. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. बऱ्याच फोनांत हे सेकंदाला २४० वेळा होतं, काहींत ४८० वेळा. उघड्या डोळ्याला लुकलुकताना दिसत नाही पण काही लोकांना त्याने डोकं दुखतं, डोळे ताणल्यासारखे होतात, काहींना मळमळतं. सगळ्यांना होत नाही, म्हणून तर तुझे मित्र हसतायत.

आणि गंमत बघ, तू जेवढा ब्राइटनेस खाली आणतोस तेवढा विझलेला काळ वाढतो, म्हणजे त्रास कमी व्हावा म्हणून जे करतोयस त्यानेच तो वाढतो.

तपासायचं असेल तर दुसरा फोन घे, त्याच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लाव, शटर स्पीड एक हजारांश सेकंद किंवा त्याहून फास्ट कर आणि तुझ्या स्क्रीनवर पांढरं पान उघडून त्यावर धर. ब्राइटनेस फुल असताना चित्र बऱ्यापैकी सलग दिसेल, मग पट्टी हळूहळू खाली ओढ. एका ठिकाणी अचानक काळे जाड पट्टे उमटायला लागतील. मी माझ्या फोनवर हे केलं तेव्हा आधी वाटलं कॅमेराच बिघडला! ते पट्टे म्हणजे स्क्रीन विझलेली असतानाचा काळ. पट्टे जेवढे जाड आणि काळे तेवढं वाईट.

उपाय सांगते. ब्राइटनेसची पट्टी अर्ध्याच्या वर ठेव, आणि उजेड कमी करायचं काम सॉफ्टवेअरला दे. अँड्रॉइड १२ पासून एक्स्ट्रा डिम नावाचं सेटिंग आलंय, आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत रिड्यूस व्हाइट पॉइंट आहे, दोन्ही चित्रच गडद करतात. काही फोनांत डीसी डिमिंग किंवा फ्लिकर कमी करायचं बटण असतं, ते सापडलं तर चालू कर. खोलीत एखादा मंद दिवा राहू दे. पुढचा फोन घेताना पीडब्ल्यूएमचा आकडा बघ, २०२३ मधल्या ऑनर ९० सारख्या फोनांत तो ३८४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३८४० वेळा, आहे आणि एवढ्या वेगाने लुकलुकलं की बहुतेकांना जाणवत नाही. ब्लू लाइट फिल्टर मात्र या बाबतीत काहीच करत नाही, त्याने फक्त रंग पिवळा होतो. आणि एवढं करूनही दुखत राहिलं तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा रे, सगळा दोष फोनवर ढकलून चष्म्याचा नंबर लपवू नकोस.

प्रश्न: डार्क मोडने खरंच बॅटरी वाचते का? घरात यावरून भांडणं आहेत. (तटस्थ)

उत्तर: एलसीडी असेल तर नाही, मागचा दिवा पेटलेलाच राहतो, तो पांढरं बघायला पेटलाय की काळं बघायला हे त्याला माहीत नसतं. ओएलईडी असेल तर वाचते, पण तुमच्या ब्राइटनेसवर ठरतं. पर्ड्यू विद्यापीठात २०२१ मध्ये मोजून बघितलं होतं, ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचली आणि फुल ब्राइटनेसला ३९ ते ४७ टक्के. घरात आपण फुल ठेवत नाही. तेव्हा घरातल्या घरात भांडत असाल तर दोघंही थोडे थोडे हरलात.

डार्क मोडचा आणखी एक फायदा, बर्न-इन हळू होतं. ओएलईडीतले पिक्सेल वापराने झिजतात आणि निळे सगळ्यात लवकर, म्हणून एकाच जागी कायम दिसणारं काही असलं, उदाहरणार्थ खालची तीन बटणं, तर त्यांची सावली काही वर्षांनी कायमची राहते. जेश्चर नेव्हिगेशन लावा, ती बटणं नकोतच. बघायचीच हौस असेल तर पांढऱ्या स्क्रीनवर पाण्याचा अगदी बारीक थेंब टाका, शिंतोडा म्हणा हवं तर, तो भिंगासारखा काम करतो आणि आत लाल, हिरवे, निळे ठिपके चमकताना दिसतात. तेच ते झिजणारे. चांगलं भिंग असेल तर हेही दिसेल की बहुतेक अमोलेडमध्ये हिरवे ठिपके लाल आणि निळ्यांच्या दुप्पट आहेत. एलसीडीत प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग मिळतात, इथे दोनच, बाकीचं शेजाऱ्याकडून उसनं.

प्रश्न: १२० हर्ट्झ वरून ६० वर केलं तर बॅटरी किती वाढेल? मला फरक दिसत नाही तर उगाच कशाला. (काटकसरी)

उत्तर: थोडी वाढेल, किती ते पॅनेलवर आहे. इथे हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते ते. ६० ला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १२० ला ८.३, त्यामुळे भराभर स्क्रोल करताना अक्षरं कमी पुसट होतात. एलटीपीओ पॅनेल असेल तर ६० करू नका, ते स्वतःच खाली उतरतं, स्थिर फोटो बघताना १० वर, काहींत १ हर्ट्झवर. आयफोन १३ प्रो २०२१ मध्ये १० पर्यंत उतरायचा, १४ प्रो १ पर्यंत उतरला आणि त्या जोरावरच त्याला ऑलवेज-ऑन, म्हणजे लॉक असतानाही स्क्रीन चालू ठेवणं, परवडलं. साधं पॅनेल असेल तर बहुधा ६०, ९०, १२० अशा मोजक्याच पायऱ्या, तिथे तुमच्या काटकसरीला अर्थ आहे. फरक दिसत नाही म्हणता ना, मग आठवडाभर १२० वर राहा आणि एकदम ६० करा. चढताना कळत नाही, उतरताना लगेच कळतं.

प्रश्न: ४५०० निट्सचा फोन घेतला, तरी उन्हात मान वाकडी करून बघावं लागतं. निट्स गेले कुठे? (घामाघूम)

उत्तर: निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप, आणि तुमचे ते पीक निट्स होते. म्हणजे स्क्रीनच्या अगदी छोट्या तुकड्यावर, एचडीआर व्हिडिओत सूर्याचा ठिपका वगैरे असेल तेवढ्यापुरते, क्षणभर. उन्हात अख्खी पांढरी स्क्रीन किती उजळते तो आकडा हाय ब्राइटनेस मोडचा, तो वेगळा लिहितात. वनप्लस १२ चं बघा, पीक ४५०० आणि हाय ब्राइटनेस मोड १६००. तुमच्या कामाचा १६०० वाला. तोही ऑटो ब्राइटनेस चालू असेल तरच मिळतो बऱ्याच फोनांत, हाताने पट्टी शेवटापर्यंत ओढली तरी तिथे पोचत नाही, आणि फोन तापला की सॉफ्टवेअर स्वतःच उजेड उतरवतं. नेमकं उन्हातच! शिवाय डोळ्याचं गणित वेगळं, निट्स दुप्पट झाले म्हणून दुप्पट उजळ दिसत नाही.

मला विचाराल तर उन्हासाठी निट्सपेक्षा काचेकडे बघा. २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ अल्ट्रामध्ये कॉर्निंगची गोरिला आर्मर काच आली, परावर्तन ७५ टक्क्यांपर्यंत कमी करते असा दावा आहे, आणि शेजारी साधा फोन ठेवून बघितला की लगेच दिसतं, एकात आपला चेहरा आणि आभाळ, दुसऱ्यात नुसता मजकूर. मग लोक काय करतात, त्यावर चकचकीत साधं टेम्पर्ड ग्लास चिकटवतात. गेले सगळे पैसे.

प्रश्न: स्क्रीन फुटली, बदलून घेतली, आणि त्या दिवसापासून फिंगरप्रिंट चालत नाही. रिपेअरवाला म्हणतो सेन्सर जुना झालाय. (बोट झिजलेला)

उत्तर: सेन्सर नाही रे जुना झाला. माझ्याबरोबर अगदी हेच झालंय, फोन जिन्यावरून पडला, घाईत होते, एकाने अर्ध्या तासात नवीन कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र, बसवून दिला आणि मी खूश होऊन निघाले. रात्री दिवा घालवला तर काळा वॉलपेपर काळा नाही, राखाडी! सगळी स्क्रीन मंद उजळलेली. तेव्हा कळलं की अमोलेड फोनवर एलसीडीचा कॉपी कॉम्बो बसलाय. खालची कड पण जाड झाली होती, ती दुकानात नजरेतच आली नाही.

ऑप्टिकल फिंगरप्रिंट सेन्सर स्क्रीनच्या खाली बसतो आणि पिक्सेलांच्या मधल्या फटींतून बोटावरचा उजेड बघतो. ओएलईडी पॅनेल पातळ असतं म्हणून हे जमतं, एलसीडीत मधे बॅकलाइटचा अख्खा थर येतो, त्यातून काय दिसणार त्याला, कपाळ? म्हणून तो गप्प. त्यामुळे पुढच्या वेळी विचारायचं की बसवताय ते ओरिजिनल आहे, सॉफ्ट ओएलईडी आहे, हार्ड ओएलईडी आहे की इनसेल. इनसेल म्हणजे एलसीडी. हार्ड ओएलईडीचा पाया काचेचा असतो, दिसायला ठीक, पण जाड आणि लवकर तडकतं. सॉफ्टचा पाया प्लॅस्टिकचा, तो ओरिजिनलच्या सगळ्यात जवळ. पैसे द्यायच्या आधी दुकानातच तीन गोष्टी करून बघ, बोट लावून अनलॉक, फुल काळा फोटो उघडून हाताच्या ओंजळीत अंधार करून बघणं, आणि चारही कडांची जाडी. माझ्या फोनची रडकथा दोन महिने चालली, शेवटी पुन्हा खर्च केला.

प्रश्न: फोल्ड घ्यावा का? मुख्य कारण, पिक्चर मोठे दिसतील. (घडीचा पाहुणा)

उत्तर: कारण ऐकून नको म्हणावंसं वाटतंय. घडी उघडली की स्क्रीन जवळपास चौकोनी होते आणि पिक्चर आडवे असतात, वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच. मी हिशोब करून बघितला, ७.६ इंची ५:४ मापाचा फोल्ड आणि ६.८ इंची साधा फोन, फोल्डचा एरिया साठ टक्क्यांच्या आसपास जास्त, पण १६:९ चा व्हिडिओ जेमतेम पस्तीस टक्के मोठा. पुन्हा कर्णाचाच खेळ. हां, पीडीएफ वाचायच्या, दोन ॲप शेजारी शेजारी उघडायची, एक्सेल बघायचं, तर फोल्डसारखं सुख नाही.

टिकाऊपणाबद्दल बरेच जण विचारतात. २०१९ चा पहिला गॅलेक्सी फोल्ड एप्रिलमध्ये यायचा होता, तपासायला दिलेल्या काही फोनांची स्क्रीन बिघडली, काहींनी तर वरचा थर स्क्रीन गार्ड समजून सोलून काढला, आणि तो बाजारात यायला सप्टेंबर उजाडला. पुढच्या वर्षी झेड फ्लिपमध्ये अतिपातळ काच आली, ३० मायक्रॉनची, तेव्हापासून गाडी बरीच सुधारलीये. हुआवेने २०२४ मध्ये मेट एक्सटी दोन घड्यांचा, तीन भागांत उघडणारा काढला, उघडला की १०.२ इंची. पण काच असली तरी वर प्लॅस्टिकचा थर असतोच, नखाचे ओरखडे उमटतात, घडीची रेघ बोटाला लागते, आणि आतली स्क्रीन गेली तर खर्चाचा आकडा ऐकून बसायला खुर्ची लागते. तो थर स्वतः सोलू नका, एवढं तरी ऐका.

प्रश्न: ताई, गाडीत गॉगल घालून मॅप बघतो तर फोन आडवा केला की स्क्रीन काळी पडते, उभा केला की परत येते. फोन बिघडलाय का गॉगल? (गॉगलवाला)

उत्तर: दोन्ही ठणठणीत आहेत, फक्त त्यांचं एकमेकांशी पटत नाहीये. तुझा गॉगल पोलराइज्ड आहे. असा गॉगल एका ठरावीक दिशेने थरथरणारा प्रकाशच आत सोडतो, रस्त्यावरची चकाकी अडते ती त्यामुळेच. स्क्रीनवर पण तसाच एक पोलरायझर असतो, एलसीडीचं तर त्याशिवाय चालतच नाही आणि ओएलईडीत तो बाहेरचा उजेड आतल्या धातूवर आपटून परत येऊ नये म्हणून लावतात. दोघांच्या दिशा आडव्या-उभ्या झाल्या की प्रकाश जायला वाटच उरत नाही. बऱ्याच कंपन्या तो ४५ अंशात बसवतात म्हणजे आडवा-उभा दोन्हीकडे निदान थोडं तरी दिसतं, तुझ्या फोनवाल्यांनी तेवढी तसदी घेतली नाही. हाच पोलरायझर पिक्सेलांचा स्वतःचा अर्धा-अधिक उजेडही खातो, म्हणून २०२१ च्या झेड फोल्ड ३ मध्ये सॅमसंगने तो काढून टाकला आणि चकाकी अडवायचं काम आतल्या रंगीत फिल्टरवर सोपवलं.

तोपर्यंत मॅप उभाच लाव. आणि उलटं करून बघायचं असेल तर गॉगल डोळ्यावरून काढ, स्क्रीनसमोर धर आणि हळूहळू फिरव, पाव फेरीत स्क्रीन पूर्ण काळी होते आणि पुढच्या पाव फेरीत परत येते. हे गाडी उभी असताना कर फक्त.